‘आपत्ती’ या शब्दाचा अर्थ आणि वापर

‘आपत्ती’ हा शब्द ‘आ’ उपसर्ग आणि ‘पद्’ धातू यांपासून आला असून ‘येऊन पडणे, ओढवणे’ एवढाच त्याचा मूळ भाव आहे. संपत्ती, विपत्ती, उत्पत्ती हे त्याच धातूचे शब्द. मीमांसा दर्शनाच्या पंडितांच्या ‘अर्थापत्ती’त संकटाचा मागमूसही नाही: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, त्या अर्थी तो रात्री जेवत असणार, असा जो निष्कर्ष स्वीकारावाच लागतो, त्याला ते नाव आहे. रोजच्या मराठीत मात्र ओढवते ते वाईटच, असे ठरून गेले आणि चांगल्यासाठी ‘इष्टापत्ती’ उरली. जत्रेच्या नाटकातला मुख्य नट ऐनवेळी आला नाही आणि त्याच्या जागी उभा केलेला पोरगा भाव खाऊन गेला, तर ती मंडळाला इष्टापत्तीच.

‘संकट’ आणि ‘आपत्ती’ एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांची क्रियापदे पाहिली की फरक कळतो. संकट एकट्या माणसावरही येते, टळते, त्याचे निवारण होते, त्यासाठी देवाला गाऱ्हाणे घालता येते. आपत्ती बहुधा गावावर किंवा मुलखावर कोसळते. गोव्यातल्या काणकोण तालुक्यात २ ऑक्टोबर २००९ रोजी काही तासांच्या पावसाने पूर आला आणि घरेदारे, बागायती उद्ध्वस्त झाल्या. ज्याच्या घराची भिंत गेली त्याच्यापुरते ते संकट होते, तालुक्यापुरती आपत्ती. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची व्याख्याही याच अंगाने जाते: बाधित भागातील समाजाला स्वतःच्या बळावर तोंड देता येणार नाही एवढी हानी झाली, तर ती आपत्ती. निसर्गाबरोबरच अपघात आणि हलगर्जीपणा ही कारणेही कायदा मोजतो, पण बोलीभाषा त्याच्या मागून जात नाही. १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळून पणजी-पर्वरीची वाहतूक फेरीबोटींवर आली, त्या घटनेला आपण दुर्घटनाच म्हणतो. कारणांचा असा भेद करण्यासाठी मराठीत ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी आधीपासून आहे, आणि ‘नैसर्गिक व मानवनिर्मित’ या सरकारी जोडीपेक्षा ती मला अधिक नेमकी वाटते, कारण दुसरे संकट कोणी आणले हे तिच्यात स्पष्टपणे सांगितलेले आहे.

आजच्या हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे बहुधा हरकत, आणि संकटाला बहुधा ‘आपदा’. दूरचित्रवाणीवरच्या बातम्या ऐकून ‘सभासदांनी आपत्ती नोंदवली’ अशी वाक्ये आपल्याकडेही लिहिली जाऊ लागली आहेत, ती टाळावीत. हरकत, आक्षेप हे शब्द असताना त्यांची गरज नाही. ‘आपदा’ मात्र मराठीला परकी नाही. तिचा विशेष असा की ती अनेकवचनी अधिक शोभते, जसे ‘आपदा सोसल्या’, आणि तिथे मोठ्या प्रलयापेक्षा दीर्घकाळच्या हालअपेष्टाच अभिप्रेत असतात.

लेखनाविषयी थोडेसे. शब्द सुटा असेल तर ‘आपत्ती’ दीर्घ, समासाच्या आरंभी आला तर ऱ्हस्व: ‘आपत्तिग्रस्त’, ‘आपत्तिनिवारण’. ‘आपत्ती व्यवस्थापन’ असे दोन शब्द तोडून लिहिले तर दीर्घ चालते. रुग्णालयाच्या दारावर ‘आपातकालीन’ दिसते, ते हिंदी वळण आहे. मराठी रूप ‘आपत्कालीन’, आणि त्यात ‘त’चा पाय मोडलेला असतो.