घरच्या घरी अल्टरनेटर : साफसफाई आणि दुरुस्तीचे अनुभव

तेल-धुळीने माखलेला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ज्यांनी स्वतः उघडून पुन्हा कामाला लावला आहे, त्यांनी लिहावं. नुसतं 'चकाचक झाला' नको. काय मोजलं, काय बदललं आणि का, ते सांगा. प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं गाव आहे.

इचलकरंजी
आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीतून येते, मधे किल्लीचा स्विच नसतो. पाना इंजिनला टेकला की ठिणग्या उडतात. बॉडी उघडण्यापूर्वी दोन्ही कव्हर आणि मधल्या स्टेटरवरून (तारा गुंडाळलेलं स्थिर कडं) पंचने एक सरळ खूण करा, नाहीतर माउंटिंगची भोकं जुळत नाहीत. पुलीचा नट सोडवताना पुलीत जुना बेल्ट गुंडाळून मग व्हाइसमध्ये धरा. रोटरचे (आत फिरणाऱ्या भागाचे) पंजे किंवा पंखा कधीच धरू नका, वाकतो.

रत्नागिरी
खाऱ्या हवेत लांब बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम होतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, घाईत पिळलात तर बोल्टचं डोकं तुटतं. मोकळी कव्हरं रॉकेल आणि ब्रशने, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. कॉस्टिक सोडा नको, तो ॲल्युमिनियम खातो. स्टेटर आणि रोटर मात्र कशातही बुडवू नका : वायंडिंगवरचं (तारेच्या गुंडाळीवरचं) वॉर्निश मऊ पडू शकतं. कोरडा ब्रश, बेताची हवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला फडका पुरतो.

नाशिक
साफ झाल्यावर मीटर लावा, खरं काम इथे आहे. बारा व्होल्टच्या रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये (शाफ्टवरच्या धातूच्या कड्या) साधारण २ ते ४ ओहम यायला हवेत. अनंत आलं तर वायंडिंग तुटलं आहे. रिंग ते शाफ्ट काहीही दाखवता कामा नये, दाखवलं तर वायंडिंग शाफ्टला अर्थ (शॉर्ट) झालं आहे. स्टेटरच्या तिन्ही फेजांत (गुंडाळ्यांत) वाचन सारखं आणि एक ओहमच्या आत, लोखंडाशी मात्र जोडणी अजिबात दिसता कामा नये. डायोड (एसीचा डीसी करणारे, एकाच दिशेने करंट सोडणारे भाग) मीटरच्या डायोड मोडवर एका बाजूने ०.४ ते ०.७ व्होल्ट, उलट्या बाजूने बंद. यासाठी स्टेटरची टोकं डायोड प्लेटपासून सुटी करावी लागतात. सोल्डर असेल तर ताकदीची सोल्डरिंग गन वापरून झटपट काढा. लहान गनने रेंगाळत बसलात तर डायोडच तापून जातो.

कार्बन (रिंगांवर टेकून रोटरला करंट देणारे ब्रश) ५ मिमीच्या आसपास आले की बदला. रिंगवर खोल चर असेल तर नवे कार्बनही लवकर झिजतील, लेथवर घासून घ्या. नुसती काळी असेल तर ६०० नंबरचा पेपर रोटर फिरवत लावा, एका जागी घासलात तर सपाट डाग पडतो. बेअरिंगचा नंबर सीलवर वाचून तोच आणा. बसवताना दाब आतल्या कड्यावर की बाहेरच्या, हे फिटिंगप्रमाणे ठरवा. गोळ्यांतून दाब गेला तर नवं बेअरिंगही आवाज करतं.

सोलापूर
जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. शाफ्टचं ऑइल सील गेलं की इंजिन ऑइल कार्बनवर येतं आणि चार्जिंग मरतं. मग नुसती सफाई म्हणजे फुकटची मेहनत. सील आणि ओ-रिंग बदला, पंपाच्या पट्ट्या पाहा. पेट्रोल गाडीत असाल तर वरून टपकणारं टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट आधी तपासा.

पणजी
रंग देणार असाल तर माउंटिंगच्या कानांना आणि दोन्ही कव्हरांच्या जोडावर टेप लावा. अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडची जोडणी) तिथूनच जातो.

पुणे
जोडताना मागच्या छोट्या भोकातून बारीक तार घालून कार्बन दाबून ठेवा, रोटर बसला की तार ओढा. गाडीवर आयडलला १३.८ ते १४.५ व्होल्ट, हेडलाइट-ब्लोअर चालू असतानाही १३.५ च्या वर हवेत. बॅटरीवर एसी मोडमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर एखादा डायोड गेलेला आहे. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग बघायची' पद्धत सोडा, व्होल्टेज उसळून रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात.