मदत हवी आहे : ईपीएस-९५ निवृत्तिवेतनधारकांच्या निवेदनात कोणत्या मागण्या घ्याव्यात?

सर्वांना नमस्कार.

अमळनेर आणि पारोळा तालुक्यांतील आम्ही काही निवृत्त मंडळी पुढील महिन्यात खासदार आणि आमदारांना एक निवेदन देणार असून त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आमच्यात एसटीचे चालक-वाहक आहेत, सूतगिरणी व साखर कारखान्यातील कामगार आहेत, पतपेढीचे कारकून आहेत आणि पतीच्या पश्चात निम्मे निवृत्तिवेतन घेणाऱ्या काही भगिनीही आहेत. सर्वांचे निवृत्तिवेतन कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५, म्हणजेच ईपीएस-९५, या योजनेतून येते. सरकारी पेन्शनर आमच्यात कोणीही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे ‘पेन्शनर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर निवृत्त शिक्षक किंवा ग्रामसेवक येतो आणि मग “तुम्हाला काय कमी आहे?” असा प्रश्न विचारला जातो.

आमची स्थिती थोडक्यात अशी आहे. शेवटच्या ६० महिन्यांचे सरासरी वेतन घ्यायचे, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, असा या योजनेचा हिशेब आहे. (सप्टेंबर २०१४ पूर्वी ही सरासरी १२ महिन्यांची होती.) सूतगिरणीत ५,००० रुपये सरासरी वेतनावर १४ वर्षे काम केलेल्या माणसाच्या हाती या हिशेबाने महिना १,००० रुपये येतात. किमान निवृत्तिवेतनही १,००० रुपयेच आहे. ते १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झाले आणि त्यानंतर वाढलेले नाही. महागाई भत्ता या योजनेत नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी जो आकडा मंजूर होतो तोच माणूस असेपर्यंत चालू राहतो.

पहिल्या मसुद्यात मी सुचतील तेवढ्या मागण्या घातल्या होत्या : किमान निवृत्तिवेतन ७,५०० रुपये करावे, त्यावर महागाई भत्ता द्यावा, मोफत औषधोपचार मिळावेत, मार्च २०२० मध्ये बंद झालेली ज्येष्ठांची रेल्वे भाडेसवलत पुन्हा सुरू करावी, निराधार वृद्धांना राज्याकडून दरमहा मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची रक्कम वाढवावी, आणि अशाच आणखी काही. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी तो वाचून परत केला आणि म्हणाले, “हे निवेदन वाटत नाही, वाण्याकडची किराणा यादी वाटते.” त्यांचे म्हणणे मला पटले आहे. म्हणून विचारतो :

केंद्राच्या आणि राज्याच्या मागण्या वेगळ्या कराव्यात का? सर्वांत वर कोणती मागणी ठेवावी? आणि दिलेल्या निवेदनावर पोच मिळण्यापलीकडे काही घडावे, यासाठी कोणता मार्ग आहे? ज्यांना प्रशासनाचा किंवा अशा पाठपुराव्याचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : भुसावळचा रेल्वेवाला

मी स्वतः रेल्वेचा निवृत्त कर्मचारी आहे. मला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाढ मिळते, म्हणून तुमच्या मागण्यांविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. तरीही एक सूचना करतो. किमान रकमेचा आकडा आणि महागाईशी जोडणी या दोन मागण्या एका ओळीत लिहू नका, आणि दुसरी आधी लिहा. आकडा एकदा वाढतो आणि पुन्हा दहा-बारा वर्षे तिथेच राहतो, हे तुम्ही २०१४ पासून पाहतच आहात. महागाईच्या निर्देशांकाशी जोडणी झाली तर पुढच्या पिढीला पुन्हा निवेदन लिहावे लागणार नाही.

७,५०० रुपये आणि महागाई भत्ता ही मागणी नवीन नाही, हेही लक्षात असू द्या. बुलढाण्यात याच मागणीसाठी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण चालू झाले आणि राज्यसभेच्या याचिका समितीने, जिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. निवेदनात या शिफारशीचा उल्लेख अवश्य करा. संसदेच्याच समितीने जे मान्य केले, त्याचा तिसरा भाग देऊन सरकार थांबले आहे, हे एका वाक्यात सांगता येते आणि त्याला उत्तर देणे कठीण जाते.

प्रतिसाद : माजी अव्वल कारकून

मी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले आहे. केंद्राच्या मागणीविषयी वर आलेले मत योग्य आहे, पण माझ्या मते तुमच्या यादीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट राज्याच्या हातात आहे आणि तुम्ही ती चुकीच्या बाजूने मांडली आहे. श्रावणबाळ योजनेची रक्कम वाढवा असे तुम्ही म्हणता. ती २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. वाढली नाही ती उत्पन्नाची मर्यादा. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल तर ६५ वर्षांवरील अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते.

आता आपल्या सदस्यांचा हिशेब करून पाहा. २१,००० ला बाराने भागले की १,७५० येतात. ज्याला महिना १,७०० रुपये निवृत्तिवेतन आहे आणि दुसरे उत्पन्न नाही, तो पात्र ठरतो. ज्याला १,८०० आहे त्याचे वार्षिक उत्पन्न २१,६०० होते, म्हणजे ६०० रुपयांच्या जादा उत्पन्नामुळे तो वर्षाच्या १८,००० रुपयांना मुकतो. आयुष्यभर वर्गणी भरल्याबद्दल मिळालेले हे फळ आहे.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी टेबलाच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यालाच नीट दिसते. २१,००० रुपयांत वर्षभर कोणाचेही घर चालत नाही, हे अर्जदाराला माहीत असते, दाखला देणाऱ्याला माहीत असते आणि मंजुरी देणाऱ्या समितीलाही माहीत असते. ज्याचे उत्पन्न रोखीने हाती येते, त्याचा दाखला मर्यादेत बसवला जातो. ज्याचे निवृत्तिवेतन दर महिन्याला पासबुकात छापून येते, त्याला ती सोय नाही. नियम कडक असल्यामुळे खरे गरीब निवडले जातात असे समजू नका. ज्याचा कागद स्वच्छ आहे तो गाळला जातो.

मागणी पटवून देण्यासाठी उदाहरणही राज्य सरकारचेच घ्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि वयाची मर्यादा २१ ते ६५ आहे. रक्कम तीच, १,५०० रुपये. म्हणजे जी बाई ६४ व्या वर्षी अडीच लाखांच्या मर्यादेत पात्र असते, तीच ६५ ओलांडल्यावर, अंगात काम करण्याची ताकद उरली नसताना, २१,००० च्या मर्यादेत तपासली जाते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतसुद्धा, जिच्यात ६५ वर्षांवरील व्यक्तीला साहित्यासाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे. तेव्हा श्रावणबाळ व संजय गांधी योजनांची मर्यादा निदान दोन लाखांवर न्यावी, आणि ते होईपर्यंत ईपीएस-९५ ची रक्कम उत्पन्नात धरू नये, अशी दोन टप्प्यांची मागणी करा. दुसऱ्या टप्प्याला सरकारचा खर्च कमी आहे, त्यामुळे ती मान्य होण्याची शक्यता अधिक.

प्रतिसाद : नवापूरकर

औषधोपचाराची मागणी ‘मोफत उपचार’ अशी मोघम लिहिली, तर सचिवालयातून उत्तर तयारच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचे संरक्षण आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे, असे ते कळवतील आणि विषय संपेल. या दोन्ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यांत बसत नाहीत, आणि १,००० रुपयांतला मोठा वाटा त्याच खातात. म्हणून ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्यांचा महिनाभराचा साठा एका वेळी मिळावा, एवढेच नेमकेपणाने मागा.

आमच्या भागाची एक अडचणही जोडता आली तर पाहा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. नवापूर-नंदुरबारचा माणूस मोठ्या दुखण्यासाठी सुरतेला जातो. एसटी त्याला सुरतेपर्यंत नेते, मोफत मात्र सीमेपर्यंतच नेते. जळगावच्या निवेदनात हे विषयांतर वाटत असेल तर सोडून द्या, आम्ही इकडून वेगळे देऊ.

पाठपुराव्याविषयी : खासदारांकडे नुसते निवेदन देण्याऐवजी लोकसभेसाठी रीतसर याचिका तयार करा. ती सदस्यामार्फत सादर होते आणि तिच्यावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे लागते. राज्याच्या मागणीसाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे; शिवाय आमदारांना उत्पन्न मर्यादेवर तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते) विचारण्याची विनंती करा आणि प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. लिहून दिलेला प्रश्न विचारला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. १,७५० चा हिशेब काल बैठकीत फळ्यावर मांडला, तेव्हा त्या रेषेच्या थोडे वर असलेले चार जण तिथेच निघाले. त्यांपैकी दोघांनी आजवर अर्जच केला नव्हता, कारण “आपल्याला पेन्शन आहे, म्हणजे आपले काम नाही” अशी त्यांची समजूत होती. रेषेखालील किती जणांनी याच समजुतीने अर्ज केला नाही, हे आता घरोघर जाऊन पाहणार आहोत.

दोन स्वतंत्र कागद करायचे ठरले आहे. केंद्राच्या कागदावर महागाईशी जोडणी आधी, मग किमान रक्कम. राज्याच्या कागदावर उत्पन्न मर्यादा आणि गोळ्यांचा साठा, एवढेच. रेल्वे सवलतीची मागणी बहुमताने वगळली, अर्थात आमच्या एका वाहक मित्राला ते मुळीच आवडलेले नाही.

एक शंका उरली आहे. विधवा भगिनींचे वय ६५ पेक्षा कमी असल्यास त्यांचा उल्लेख श्रावणबाळमध्ये करावा की संजय गांधी योजनेत?

प्रतिसाद : माजी अव्वल कारकून

संजय गांधी योजनेत. ६५ वर्षांखालील विधवा म्हणून त्या तिथे बसतात आणि उत्पन्नाची मर्यादा तीच २१,००० आहे. ज्यांना १,००० रुपयेच मिळतात आणि घरात दुसरे उत्पन्न नाही, त्यांचे वर्षाचे १२,००० होतात, म्हणजे त्या आजच्या नियमानेही पात्र आहेत. त्यांच्यासाठी निवेदनाची वाट पाहू नका. पतीचा मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुकाची प्रत घेऊन याच आठवड्यात तहसीलमध्ये अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.