इंदूर: आजीचा मोगरा आत्ता हलवू की पावसाळ्यात?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. आम्ही रामबागेतलं जुनं घर सोडून सुदामानगरला चाललोय, एप्रिलअखेर घर रिकामं करून द्यायचंय, सामान काय ट्रकात जाईल हो, पण मागच्या अंगणातल्या झाडांचं काय करू हेच कळत नाहीये. मोगरा आजीने लावलेला, बुंधा मनगटाएवढा झालाय, चैत्रात रोज ओंजळभर कळ्या निघतात आणि आई अजून त्याचाच गजरा करते. मोरीच्या पाण्यावर सोनटक्का माजलाय, शिवाय निशिगंधाची एक क्यारी आणि दाराशी पारिजातक.

नर्सरीवाला म्हणतो पाऊस पडल्याशिवाय हात लावू नका, पण तोवर घर आमचं राहणार नाही. आणि उन्हाळ्यात हलवायची माझी हिंमत नाही, मागच्या मे महिन्यात जास्वंद काढली होती, आपली काळी माती तेव्हा भेगाळून दगड झालेली, उचलताना गड्डा हातातच फुटला, मुळं उघडी पडली, रोज दोनदा पाणी घालूनही ८ दिवसांत पार वाळली. मोगऱ्याचं तसं झालं तर आईला काय सांगू?

आत्ता जानेवारीत मोगरा विरळ झालाय, निशिगंध पिवळा पडलाय. लगेच काढू की थंडी सरू दे? गमल्यात नेऊ की थेट जमिनीत?

प्रतिसाद:
ताई, मी इंदूरचाच. पावसाळ्यात सोपं जातं हे खरं, पण तुम्हाला फेब्रुवारीचा मध्य चालेल, थंडी ओसरली की नवी पालवी फुटायच्या आत. फांद्या निम्म्याने छाटा, आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या म्हणजे माती धरून राहते, बुंध्यापासून हातभर लांब गोल खणा आणि गड्डा ओल्या गोणपाटात घट्ट बांधूनच उचला. तिकडचा खड्डा आधी तयार ठेवा, एवढ्या जुन्या झाडाला गमला नको, संध्याकाळी थेट जमिनीत लावा. यंदा कळ्या कमी येतील, आईंना आत्ताच सांगून ठेवा.

निशिगंधाचं पाणी तोडा, पानं वाळली की कंद काढून सावलीत सुकवा, मार्चमधे लावा. सोनटक्का चिवट, दांडे कापून डोळे असलेले गड्डे ओलसर जागी लावले की झालं. पारिजातक मोठा असेल तर हलवू नका, खाली पडलेली चपटी बोंडं गोळा करून बिया पेरा.

आणि मोगऱ्याच्या छाटलेल्या फांद्या फेकू नका, पेन्सिलीएवढ्या जाड चार-पाच गमल्यात खोचून सावलीत ठेवा, मूळ झाडाला काही झालंच तर आजीचाच मोगरा हाताशी राहील.