लिहिताना सतत वाटतं, हे लिहिणारी मी कोण? शंका खरी की नुसती भीती, हे कसं ओळखता?

पोडाची_वाट विचारते:

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, झरी-जामणीच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्य सेविका, आहे. दिवसभर लसीकरण, गरोदर बायांच्या तपासण्या, रजिस्टरं, आणि रजिस्टरात लिहिलेलंच परत मोबाइलवर भरणं. रात्री जेवणं आटोपून पोरगी झोपली की मी लिहिते. कथा लिहिते. घराबाहेर हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

लिहायला बसल्यावर अडत नाही. अडतं दुसऱ्या दिवशी. रात्री जे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता, तेच सकाळी डबा भरता भरता वाचलं की शाळेतल्या निबंधासारखं वाटतं. मग आठवडा आठवडा वहीला हात लावत नाही.

मागे एका कार्यशाळेत कथा वाचली होती. मार्गदर्शक म्हणाले, "अनुभव जबरदस्त आहे तुमच्याकडे, भाषा मात्र कमवावी लागेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे ज्या लेखकांबद्दल बोलत होते, त्यातले निम्मे मी वाचलेले नव्हते. बारावीनंतर मी नर्सिंगला गेले. माझं मराठी साहित्य म्हणजे कुमारभारती, युवकभारती आणि पुढे गावच्या वाचनालयात जे हाती लागलं ते. त्यानंतर एका दिवाळी अंकाला कथा पाठवली. होकार नाही, नकार नाही. दिवाळी आली, अंक आला, त्यात माझी कथा नव्हती, एवढंच कळलं.

पण सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट वेगळी आहे. माझ्या कथेतली बाई कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, आहे आणि मी कोलाम नाही. पोडावर मी जाते ती खांद्याला लसीचा डबा लावून, सरकारी माणूस म्हणून. त्यांची कोलामी मला कामापुरती समजते: ताप, दूध, जुलाब, कधीपासून. त्यापलीकडे नाही. मग त्या बाईच्या मनात काय चाललंय, हे मी कोणत्या अधिकारानं लिहायचं? आता एक मोठी कथा अगदी शेवटाशी येऊन थांबली आहे ती याच प्रश्नावर.

आमच्यासारख्यांना साहित्यात जागाच नाही, असं मी म्हणत नाही. २०१९ला यवतमाळला साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. ज्या बाईच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली, ती त्या व्यासपीठावरून बोलत होती आणि समोर अख्खा मांडव ऐकत होता. ते मी मोबाइलवर पाहिलं आणि त्याच रात्री अर्धवट पडलेली एक कथा पूर्ण केली. जागा आहे हे डोक्याला पटतं. पण वही उघडली की परत तेच.

"आत्मविश्वास ठेव", "लिहीत राहा" हे घरचेही सांगतात आणि मनापासून सांगतात. मला वेगळं विचारायचं आहे. ही जी शंका येते ती कथेबद्दलची खरी सूचना आहे की नुसती भीती, हे तुम्ही कसं ओळखता?

---

जुना मुद्रितशोधक:

ताई, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायच्या काळात मी मुद्रितशोधनाला, म्हणजे प्रुफं तपासायला, लागलो. पुढे बरीच वर्षं दिवाळी अंकांकडे आलेलं साहित्य पहिल्यांदा चाळायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून आधी त्या न आलेल्या उत्तराबद्दल सांगतो, कारण ते तुम्ही स्वतःवर घेतलेलं दिसतंय.

बहुतेक अंक दोन-तीन माणसं चालवतात, तीही आपली नोकरी-धंदा सांभाळून. साहित्य पाठवा म्हणून आवाहन उन्हाळ्यात निघतं आणि टपाल-मेल पावसाळाभर येत राहतात. नेहमीच्या लेखकांची पानं आधीच धरलेली असतात. अंक किती पानांचा होणार हे जाहिराती किती मिळाल्या त्यावर ठरतं, आणि ते कळेपर्यंत गणपती येतात. पानं कमी पडली की आधी बाजूला जाते ती अनोळखी लेखकाची लांब कथा. चांगली असली तरी जाते. अशा बाजूला गेलेल्या कथा मी पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात छापून आलेल्या वाचल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मला फार बरं वाटलं आहे.

पूर्वी लेखक कथेसोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट जोडायचा. नापसंत झाली की कथा 'साभार परत' यायची. वाईट वाटायचं, पण उत्तर मिळायचं. 'सत्यकथा' मासिक १९८२ला बंद झालं. तिथे त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकालाही कथा कुठे अडते ते पत्रानं कळवत. तसं वाचणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत आणि मला ही आपल्या साहित्यव्यवहारातली सर्वात मोठी उणीव वाटते. मेलमुळे पाठवणं सोपं झालं, साहित्य कितीतरी पटीनं वाढलं, वाचणारे तेवढेच राहिले. तेव्हा उत्तर आलं नाही यावरून तुमच्या कथेबद्दल काहीही कळत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

आता तुमचा प्रश्न. मी शंका ओळखतो ती अशी: ती एखाद्या ओळीवर बोट ठेवते का? "इथे सासू फार लवकर नरमली", "हे दोनदा सांगून झालं", "या माणसाच्या तोंडी हा शब्द येणार नाही" ही कामाची शंका. "तू कोण लिहिणारी?" ही शंका कुठल्याच ओळीवर बोट ठेवत नाही. कथा तुम्ही दहा वेळा नव्यानं लिहा, ती तशीच्या तशी राहते. म्हणून मी लेखकांना सांगायचो, वहीला मोठा समास सोडा आणि शंका आली की ज्या ओळीवर आली तिच्यासमोर समासात लिहा. जी शंका कुठल्याच ओळीसमोर बसत नाही, तिच्यासाठी त्या दिवशी काम थांबवू नका.

भाषेचं म्हणाल तर उद्धव शेळके यांची 'धग' मिळवून वाचा. १९६०ची कादंबरी आहे. त्यातली माणसं वऱ्हाडीच बोलतात आणि मराठी वाचकानं ती मनापासून स्वीकारली. शिवाय आपल्या बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती.

---

संध्याकाळची_बस:

वरच्या काकांचं समासाचं सांगणं मी आजपासून वापरणार आहे. पण बहिणाबाईंची आठवण काढलीच आहे तर पूर्ण काढू या. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, लिहून घेतली. त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि १९५२ साली संग्रह निघाला. म्हणजे "हे छापण्याजोगं आहे का" हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारत बसायची वेळच आली नाही. तो दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतला. आपण लिहायचंही, निवडायचंही, पाठवायचंही आणि वाट बघत झुरायचंही, असं एकाच माणसानं करायचं म्हटलं तर कुणीही थकेल. ताई, तुम्हाला वाचणारं एक माणूस हवं. कौतुक करणारं नको. वाचून "इथे मला कळलं नाही" म्हणणारं हवं.

माझं एक पुस्तक आलेलं आहे. पुस्तक आलं की हे सगळं जाईल असं मला वाटायचं. गेलं नाही. आधी "छापतील का" वाटायचं, आता "दुसरं जमेल का" वाटतं. शंका जाण्याची वाट पाहत थांबू नका, एवढंच मी अनुभवानं सांगू शकते.

आणि एका ठिकाणी माझं काकांशी जमत नाही. "तू कोण लिहिणारी" ही शंका प्रत्येक वेळी पोकळ नसते. कोलाम बाईबद्दलचा तुमचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे आदिवासी बाईबद्दल तिला न विचारता पुष्कळ लिहिलं गेलंय. तुम्हाला तो प्रश्न पडतो, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. पण त्याचं उत्तर कथा सोडून देण्यात नाही, कथेतच शोधायला हवं. चार-पाच ओळी इथे टाकाल का? खऱ्या बाईचं नाव, गाव, बाळाची ओळख पटेल असं काही असेल तर आधी बदला. तुमच्या कामात ते फार महत्त्वाचं.

---

पोडाची_वाट:

टाकते. नावं कथेत आधीपासूनच बदललेली आहेत. बाळ दीड महिन्याचं आहे, पहिल्या पेंटाची, म्हणजे पेंटाव्हॅलंट लसीची, सुई आहे.

*तिनं बाळ पदराआडून काढून माझ्यापुढं धरलं. तिच्या डोळ्यांत शतकानुशतकांचं दुःख साठलेलं होतं. मी डब्याचं झाकण उघडलं. आइस पॅक अजून घट्ट होते. "ताप येईन," मी म्हटलं, "घाबरू नोको. रात्री आंग गरम लागन." ती काहीच बोलली नाही. तिनं बाळाची डावी मांडी धरली, सुई जाणार होती त्याच्या जरा खाली, आणि तोंड फिरवलं नाही.*

---

काळी_माती:

मी वणीचा आहे. लेखक नाही, वाचक आहे, म्हणून वाचकासारखं सांगतो.

तोंड फिरवलं नाही, इथे मी थांबलो आणि परत वाचलं. बाळाला सुई देताना बहुतेक आया दुसरीकडे बघतात, आमच्या घरीही तेच. ही बाई बघते. ती कशी आहे हे मला या एका वाक्यात कळलं आणि ते तुम्ही तिच्या मनात न शिरता सांगितलंत. नुसतं तिच्या हाताकडे, तोंडाकडे बघून. अधिकाराचा जो प्रश्न तुम्ही विचारला, त्याचं उत्तर मला तर इथेच दिसतं. कथा सांगणारी सिस्टर आहे. सिस्टरला जेवढं दिसतं, ऐकू येतं, तेवढं ती सांगू शकते, आणि ते खूप आहे.

एक वाक्य मात्र तुमचं वाटत नाही. "शतकानुशतकांचं दुःख." आइस पॅक घट्ट आहेत की वितळले हे बघणारी बाई असं वाक्य लिहीत नाही. हे कुठल्यातरी भाषणातून आलेलं आहे. ते काढून परिच्छेद पुन्हा वाचा, कुठे काही कमी झालं का बघा. मला वाटतं, "भाषा कमवा" म्हटल्यावर माणूस असली वाक्यं कमवायला जातो. तुमच्याकडे भाषा आहे, ताई. "येईन", "लागन" अगदी कानाला लागतं तसं उतरलंय.

शेवट अडलाय म्हणता, तर बघा, तिथे तुम्ही सिस्टरच्या नजरेतून बाहेर पडून त्या बाईच्या डोक्यात गेला आहात का?

---

पोडाची_वाट:

हो, शेवटी पूर्ण पानभर तिचं मनोगत आहे. तुम्ही न वाचता ओळखलंत.

काल उपकेंद्रात काम संपल्यावर आमच्या एका आशाताईंना, म्हणजे आशा स्वयंसेविकेला, कथा वाचून दाखवली. त्या कोलाम आहेत, पोडावरच राहतात. कार्यशाळा सोडली तर पहिल्यांदाच कुणाला तरी समोर बसवून वाचलं, घसा कोरडा पडला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुईच्या जागी मला थांबवलं. म्हणाल्या, "बाई काहीच बोलली नाई असं काहून लिवलं? ते बोलू रायली असन ना. लेकराशी. तुमच्याशी नाई."

मी उठून पाणी प्याले आणि परत येऊन बसले. इतक्या वर्षांत प्रत्येक पोडावर मी ते ऐकत आलेय. सुई टोचताना आई बाळाच्या कानाशी कोलामीत हळूहळू काहीतरी बोलत असते. माझ्या कामाचं ते नसायचं, म्हणून मी त्याला गप्प बसणं समजत आले. आशाताईंनी आया काय काय म्हणतात तेही सांगितलं. पण ते मी कथेत कोलामीतच ठेवणार आहे, अर्थ न देता. सिस्टरला तो कळत नाही, तर वाचकालाही सिस्टरइतकंच कळू दे. शेवटचं मनोगत काढलं. आता शेवटी ती बाळाशी बोलते आणि सिस्टर रजिस्टर उघडून तारीख घालते.

दुःखाचं वाक्य खोडलं. समासात अजून दोन ठिकाणी शंका लिहिल्या आहेत, दोन्ही ओळींसमोर बसतात. ती "तू कोण लिहिणारी"वाली शंका कालही आली होती. तिच्यासाठी समासात जागा नव्हती, मी लिहीत राहिले.

कोलामी ओळी देवनागरीत लिहिताना उच्चार बरोबर उतरले का, ते आशाताईंच्या मुलाला दाखवणार आहे. तो दहावीत आहे. काका, कथा यंदा पाठवायची तर कशी पाठवू? माझं सगळं लिखाण मोबाइलवरच टाइप केलेलं असतं.

---

जुना मुद्रितशोधक:

संध्याकाळची_बस यांचं बरोबर आहे. माझा नियम कोलाम बाईबद्दलच्या तुमच्या शंकेला पुरला नसता. आशाताईंनी तो प्रश्न ओळीवर आणून ठेवला.

मोबाइलवरचं टाइपिंग म्हणजे युनिकोड. तसंच वर्डच्या फाइलमध्ये पाठवा, सोबत पीडीएफ जोडा. काही ठिकाणी अजून पानं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात, लावतात. फाँट बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि तुमच्या कोलामी ओळींत ती फुटली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पीडीएफ असली की ताडून बघता येतं. मेलमध्ये एक ओळ ठळक लिहा: "संवादातील वऱ्हाडी व कोलामी जशी आहे तशीच ठेवावी, प्रमाण करू नये, प्रूफ मला दाखवावे." नाहीतर एखादा तरुण मुद्रितशोधक चांगल्या हेतूनं "येईन"चं "येईल" करून टाकेल. शब्दमर्यादा अंकाच्या आवाहनात दिलेली असते, ती पाळा. साहित्य आषाढ लागायच्या आत पोचेल असं बघा. दोन महिन्यांनी एकदा विचारणा करा, त्यात कमीपणा काही नाही. उत्तर नाही आलं तर कथा मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा.

आणि छापून येवो न येवो, पूर्ण कथा मला वाचायला आवडेल. इथे निरोप टाका, मी समासात लिहून परत पाठवीन.