सवलत जात/वंश बघून द्यावी की घरची परिस्थिती बघून?

कर्वेनगरची_ताई:
परवा घरी यावरून जोरात वाद झाला. अमेरिकेत जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये अ‍ॅडमिशनला वंश बघायचा नाही असं सांगून टाकलं, तर माझा भाऊ म्हणतो बघ तिथेही बंद केलं, आता आपल्याकडेही फक्त उत्पन्न बघा, गरीब तो गरीब. त्याचा मुलगा बारावीला आहे, आम्ही ओपनवाले, त्यामुळे त्याची तगमग कळते, पण म्हणणं पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

येरवडेकर:
ताई, मी आयटीत आहे, पगार चांगला आहे. हिंजवडीजवळ भाड्याने फ्लॅट बघत होतो, एजंटने फोनवर सगळं ठरवलं, डिपॉझिट किती, पार्किंग कुठलं, चावी कधी, आणि शेवटी आडनाव विचारलं. सांगितल्यावर "मालकांशी बोलून कळवतो", परत फोन नाही. सॅलरी स्लिप दाखवायची वेळच आली नाही. हे उत्पन्नाच्या दाखल्यात कुठे बसवायचं सांगा. शाहू महाराजांनी १९०२ ला कोल्हापुरात ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या त्या गरिबी हटवायला नाही, सगळा कारभार ठराविक लोकांच्याच हातात होता म्हणून.

पेठेतली_मुलगी:
दादा तुमचं शंभर टक्के पटलं, पण ओपनमधल्या गरिबाचं काय? माझे वडील रिक्षा चालवायचे, क्लासची फी भरताना काय हाल व्हायचे ते मी बघितलंय. २०१९ ला ईडब्ल्यूएसचं, म्हणजे ओपनमधल्या गरिबांसाठीचं, १० टक्के आरक्षण आलं, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ३ विरुद्ध २ असं कायमही केलं, पण वर्षाच्या उत्पन्नाचं लिमिट ८ लाख! म्हणजे महिना ६५ हजारवालं घर आणि आमचं घर एकाच रांगेत, त्यात नोकरदाराचा पगार फॉर्म १६ वर दिसतो आणि धंदेवाल्याचं उत्पन्न तो सांगेल तेवढं. आणि त्या १० टक्क्यांत एससी, एसटी, ओबीसीतला गरीब येतच नाही, मग गरीब तो गरीब कुठे राहिलं?

साधा_वाचक:
अमेरिकेचं अर्धंच सांगितलं जातं. कॅलिफोर्नियाने १९९६ लाच मतदान घेऊन सरकारी युनिव्हर्सिटीत वंश बघणं बंद केलं, आणि १९९८ ला बर्कले, लॉस एंजेलिसला कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे प्रवेश धाडकन खाली आले. टेक्सासने १९९७ ला कायदा केला की प्रत्येक शाळेतल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश, तो थोडाफार चालला, पण का, तर तिथल्या वस्त्या आणि शाळा अजून वंशाप्रमाणे वेगळ्या आहेत म्हणून. त्यामुळे माझं स्पष्ट मत, उत्पन्न जोडा, जात काढू नका. फी परवडत नसेल तर त्याला फीमध्ये मदत हवी, ती राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत ओपनवाल्यांनाही मिळते, महाडीबीटीवर फॉर्म असतो. ताई, भावाला म्हणावं उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, रिझल्टनंतर सेतूला मरणाची गर्दी होते.