मदत हवी आहे: जोना लोमूची पूर्ण गोष्ट भाच्याला सांगावी का?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याचे डोळे आणि पाय सुजायला लागले, तपासणीत नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार निघाला. स्टेरॉइड चालू आहेत, गुणही येतोय, पण फुटबॉल सध्या बंद. कुठूनसं त्याला न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याचं नाव सापडलं. आता फोनवर एकच प्रश्न: "मामा, हेच दुखणं घेऊन तो किती वर्षं खेळला?"

मी रग्बी बरीच वर्षं बघतोय. १९९५च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धचे चार ट्राय (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं), त्यातल्या पहिल्यात आडव्या आलेल्या माइक कॅटला तुडवून गेलेला लोमू, हे भाच्याला पाठ आहे. पण आजाराचं निदान त्या वर्षाच्या अखेरीस झालं, म्हणून मला त्यापुढचा लोमू जास्त मोठा वाटतो. १९९८ला क्वालालंपूरला सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीचं, राष्ट्रकुल सुवर्ण. १९९९च्या विश्वचषकात आठ ट्राय. २०००मध्ये सिडनीला एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर अगदी शेवटी त्याने ट्राय केला आणि ऑस्ट्रेलिया ३९-३५ हरली. शेवटची कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला कसोटी म्हणतात) नोव्हेंबर २००२, वेल्सविरुद्ध. एकूण ६३ कसोट्या, ३७ ट्राय. म्हणजे निदानानंतर सात वर्षं, आणि तीही सर्वोच्च पातळीवर. इथपर्यंत सांगून झालंय.

पुढे माझा आवाज अडतो. २००३ला डायलिसिस, २००४ला ग्रँट केरीमा या रेडिओवरच्या मित्राने दिलेलं मूत्रपिंड. त्यानंतर कार्डिफ क्लबकडून खेळला, पण कसोटी पुन्हा नाही. २०११ला ते मूत्रपिंडही थकलं. नोव्हेंबर २०१५मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला, मागे दोन लहान मुलगे.

ताई म्हणते, शेवट सांगू नकोस. मला ते पटत नाही. मोबाइल त्याच्या हातात आहे, आज ना उद्या तो वाचेलच, आणि तेव्हा जवळ कुणी नसेल. मुलांमधला हा आजार बहुतेकदा औषधाला दाद देतो, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय. हे त्याला लोमूच्या शेवटाआधी सांगायचं की नंतर?

ज्यांच्या घरी मुलाला हा आजार झालाय त्यांनी कृपया लिहा: तुम्ही मुलाशी कितपत मोकळं बोललात? आणि रग्बी बघणाऱ्यांनो, १९९६ ते २००२मधला कोणता सामना त्याच्यासोबत पूर्ण बसून बघू? माझ्या मनात सिडनीचा आहे. रविवारी तो आमच्याकडे राहायला येतोय.