गिजुभाईंच्या जुन्या पुस्तिका: घरी वापरायच्या कशा, जपायच्या कशा?

पानगळ
रद्दीच्या गठ्ठ्यात गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या पालकांसाठीच्या काही गुजराती पुस्तिका आणि मराठी अनुवाद मिळाले. कागद पिवळा पडलाय, कडांचा भुगा होतोय. शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही, हे त्यांचं तत्त्व ३ वर्षांच्या मुलाबरोबर रोजच्या रोज कसं निभावायचं? आणि सगळं स्कॅन करून नेटवर ठेवलं तर कायद्याने चालतं का?

बालवाडीवाली
शिक्षा सुटते हो, बक्षीस सुटत नाही. धपाटा जातो आणि "जेवलास तर मोबाइल" येतो. दोन्हींत मूल कामाकडे बघायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

पाण्यापासून सुरू करा. त्याच्या कमरेच्या उंचीवर छोटा तांब्या, पेला आणि फडकं ठेवा. तांब्या अर्धाच भरा, भरलेला त्या मनगटाला पेलत नाही. एकदा हळू, न बोलता ओतून दाखवा, नाहीतर त्याची नजर हातावर टिकत नाही. सांडलं तर फडकं दाखवा, बाकी काही नाही. कौतुकाचा वर्षावही नको. खेळाच्या फळीवर ५-६ वस्तू पुरेत, जास्त ठेवल्या की नुसता पसारा होतो.

गोष्ट रोज ठरल्या वेळी सांगा, आणि "मग यातून काय शिकलास?" हे तेवढं विचारू नका! मोकळीक म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. दुसऱ्याला लागणार असेल तिथे हात धरायचा, न चिडता, एका वाक्यात.

कायदेकानू
गिजुभाई १९३९ साली गेले. कॉपीराइटच्या तेव्हाच्या, मृत्यूनंतर ५० वर्षांच्या मुदतीने त्यांचं हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी १९९० पासून मुक्त आहे. पुढे मुदत ६० वर्षं झाली, पण संपलेला हक्क त्याने परत येत नाही. खरी गोम अनुवादात आहे. अनुवादकाचा हक्क वेगळा, त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. चित्रकाराचंही तसंच. म्हणून गिजुभाईंचा मूळ गुजराती मजकूर बिनधास्त चढवा, मराठी प्रतीचं आधी नावाचं पान बघा.

जुनीपानं
पुस्तक काचेवर दाबून सपाट करू नका, शिवण उसवते. ९० ते १०० अंशच उघडा, दोन्ही बाजूंना आधार द्या आणि वरून कॅमेऱ्याने टिपा. फ्लॅश नको, उजेड दोन्हीकडून तिरपा. ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, मूळ फाइल टिफ या प्रकारात, त्यात चित्राचा दर्जा घटत नाही. काळ्या-पांढऱ्यात घेतलं तर पिवळ्या कागदावर अनुस्वार आणि डाग यांत फरक उरत नाही, मग मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर भलतंच वाचतं. कोरी पानं, मुखपृष्ठ, किंमत छापलेलं पान, सगळं घ्या. आवृत्ती त्यावरूनच कळते. फाटलेल्याला सेलोटेप कधीच नाही, तिचा डिंक पुढे तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. मग विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या मुक्त ग्रंथालयावर, चढवा. तिथे प्रत्येक पान दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासल्यावरच हिरवं, म्हणजे पक्कं, होतं.

पानगळ
एका पुस्तिकेला गिजुभाईंच्या सहकारी, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांची प्रस्तावना आहे. तेवढी चालेल?

कायदेकानू
नाही. ताराबाई १९७३ साली गेल्या, म्हणजे ती १ जानेवारी २०३४ ला मुक्त होईल. स्कॅन आत्ताच करून ठेवा, चढवताना तेवढी पानं वगळा.